जुनी मोटरबोट आणि उतरतं पाणी

"बोट घे की. पण ठेवशील कुठं, केळीच्या पिलबागेत?"

मामांचा हा पहिला प्रश्न, आणि तो चेष्टेत विचारलेला नव्हता. यावलमध्ये पाणबुडी मोटारी भरून देण्यात आणि डिझेल इंजिनं खोलण्यात ज्यांची हयात गेली, ते हे मामा. समोर त्यांची भाची. पुण्यात नोकरी करते. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचा अभ्यासक्रम करून आलेली. दोन मैत्रिणींसोबत पैसे घालून तिला एक जुनी मोटरबोट घ्यायची आहे. मागे ट्यूब ओढायची, वेकबोर्ड करायचा, जमलं तर स्की. दोघांनाही आपापल्यातलं चांगलं कळतं आणि समोरच्याला त्यातलं काही कळत नाही अशी दोघांची खात्री आहे. मी शेजारचा. त्यांचं बोलणं ऐकत होतो, मधूनमधून तोंडही घालत होतो. ते थोडं आवरून इथे मांडतो.

भाची: ठेवायला तुमची शेड आहे. पाण्यापर्यंत न्यायला ट्रॅक्टर आहे.

मामा: शेड माझी, ट्रॅक्टर माझा, बोट तेवढी तुझी. बरं, चालवणार कुठं?

भाची: हतनूर धरणात. भुसावळच्या पुढे किती लांब आहे ते?

मामा: तू हतनूर पाहिलंस दिवाळीत. तेव्हा ते काठोकाठ असतं. मे महिन्यात ये. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात आणि दोघींनी वरून आणलेला गाळ धरणाच्या पोटात बसतो. तुला जिथं पाणी दिसतं तिथं खाली चिखल असतो, आणि तो किती खोल ते पाण्यावरून कळत नाही.

भाची: म्हणूनच आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर लटकणारं इंजिन बघतेय. उथळ लागलं की इंजिन वर उचलायचं.

मामा: उचललं की बोट थांबली. आणि चालू असताना ते इंजिन थंड कशावर होतं? त्याच पाण्यावर. आत रबराचा इम्पेलर असतो, पाणी ओढायला. त्यानं गाळ ओढला की पाकळ्या झिजतात, पाणी कमी येतं, इंजिन तापतं. मोटारीत गाळ गेला की काय होतं ते मी रोज बघतो. तुझ्या बोटीचं तेच होईल, फक्त धरणाच्या मधोमध होईल.

इथे भाची गप्प बसली नाही, पण तिनं बाजू बदलली. तिच्याकडे हतनूरविरुद्ध मामांपेक्षाही मोठा मुद्दा होता आणि तो तिनं प्रामाणिकपणे काढला. हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यावर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या भारतातल्या जागांच्या यादीत हे धरण आहे. जिथं बदकं बसलेली असतात त्या पाण्यातून मागे आरडाओरडा करणारा माणूस बांधून वेगानं बोट न्यायची, हे तिलाही पटत नव्हतं.

मग आम्ही तिघांनी बोटांवर महिने मोजले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्षी. मार्चपासून पाणी उतरायला लागतं. पावसाळ्यात धरणाच्या ४१ दरवाजांपैकी कधी किती उघडतील याचा नेम नाही, आणि उघड्या दरवाजांच्या वरच्या अंगाला मौजेची बोट घालणं हा शुद्ध वेडेपणा. उरला ऑक्टोबर आणि मार्चचा थोडा तुकडा. हे गणित बोटींच्या जाहिराती चाळायच्या आधी करायचं असतं. आमच्याकडे ते नंतर झालं, कारण बोटीचा फोटो बघायला जितकी मजा येते तितकी पाणीपातळीचा तक्ता बघायला येत नाही.

भाची: मग शेळगावच्या बॅरेजमागे? ते तर आपल्याच तालुक्याला लागून आहे.

मामा: लांबट पाणी आहे, नदीच्या पात्राचं. सरळ जायला बरं. पण वळवायला, मागे पडलेल्या माणसाला घ्यायला जागा लागते ना तुला? आणि जाळी. कोळ्यांची जाळी लागलेली असतात, त्यावर फक्त एक थर्माकोलचा तुकडा तरंगतो. तुझा पंखा त्यात गेला तर तुझं इंजिन अडकेल हे सोड, त्याचं जाळं गेलं. तो त्याचा धंदा आहे, तुझी हौस आहे.

भाची: त्यांना विचारूनच उतरणार. मासेमारी सोसायटीला विचारायचं, पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी घ्यायची. परवानगीशिवाय धरणात बोट टाकायची नसते, एवढं मला कळतं.

मामा: आणि नाही दिली तर?

भाची: तर बऱ्हाणपूर, खंडवा करत हनुवंतियाला. इंदिरासागरचं पाणी देशातल्या सगळ्यात मोठ्या जलाशयांपैकी आहे. तिथं मध्य प्रदेशवाले २०१६ पासून जलमहोत्सव भरवतात. बोटी, पॅरासेलिंग, सगळं असतं.

मामा: म्हणजे बोट यावलला आणि पाणी खंडव्याला.

या वाक्याचा तिला राग आला. खरं तर मामांनी नकळत तिच्या बोटीचं माप ठरवून टाकलं होतं. घरापासून पाण्यापर्यंत रस्त्यानं जायचं, कधी जवळ, कधी लांब, आणि जाईल तिथं उतरवायला पक्का घाट असेलच असं नाही. म्हणजे बोट अशी हवी की ट्रॉलीवरून काठावर ढकलता यावी, चार माणसांनी फिरवता यावी, हायड्रा क्रेन बोलावावी लागू नये. लांबी, वजन, इंजिन यांचे निम्मे निर्णय इथेच होतात. मामांना एवढं बोलायचं नव्हतं, त्यांना फक्त टोमणा मारायचा होता.

मामा: मला एक सांग, आपल्याकडे कुणाला लागलंय हे पाण्यावरचं खूळ? खान्देशात पाणी प्यायला आणि केळीला.

भाची: चांदवडचा दत्तू भोकनळ. तिथं तरी कुठं पाणी होतं? सैन्यात गेला, रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला.

मामा: त्याला इंजिन नव्हतं.

आता बोटींकडे येऊ. भाचीच्या फोनमध्ये तीन होत्या. एक पुण्याकडच्या धरणावर ठेवलेली एकोणीस फुटी, पांढरीशुभ्र, पुढे बसायच्या गाद्या, इंजिन बोटीच्या पोटात. दुसरी मालवणकडची सोळा फुटी फायबरची, मागे चाळीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. तिसरी शिवसागर जलाशयावर तापोळ्याच्या बाजूची, तीही सोळा फुटीच, पण साठचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि किंमत मालवणच्या बोटीपेक्षा बरीच चढी. गोव्यातली एक जेट स्कीही होती, ती भाचीनं स्वतःच पुसून टाकली. जेट स्की पाणी पोटातून ओढून मागे फेकते, गाळात आणि पाणवनस्पतींत ती पहिल्यांदा रुसते. शिवाय माणूस ओढायचा तर मागे तोंड करून बसणारा एक जण लागतो, पडलेल्याला परत घ्यायला जागा लागते. लहान जेट स्कीवर हे जमत नाही.

नवी का नको, असा प्रश्न मामांनी विचारला नाही, मी विचारला. भाचीनं उत्तर तयार ठेवलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या आणि खेळाच्या नव्या बोटींवर जीएसटी ४० टक्के झाला. तंबाखू आणि शीतपेयांच्या रांगेत. "सरकारच्या लेखी मी चैनी आहे," ती म्हणाली. पहिल्या बोटीला धक्के बसणार, खरचटणार, काठावर घासणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. ते धक्के जुन्या फायबरला बसलेले बरे.

एकोणीस फुटीवर वाद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तिचं पेट्रोल इंजिन बंद खोलीत असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. म्हणून अशा बोटीत आधी काही मिनिटं पंखा चालवून वाफ बाहेर काढायची आणि मगच किल्ली फिरवायची. हा नियम थंड देशांतही पाळतात. आमच्या जळगाव जिल्ह्यात तर पारा ४५ च्या वर जातो. मामा म्हणाले, "ती गाद्यांची बोट मला फुकट दिली तरी शेडमध्ये नको." भाचीनं निमूट पान उलटलं. मला वाटतं, तिला त्या गाद्या थोड्या आवडल्या होत्या.

मग सुरू झाली खरी भांडणाची गोष्ट: मालवणची टू-स्ट्रोक की तापोळ्याची फोर-स्ट्रोक.

मामा: मालवणची घे. टू-स्ट्रोक म्हणजे काय? कार्ब्युरेटर, दोन सिलिंडर, कॉइल. बंद पडलं तर मी इथं उघडतो आणि इथंच जोडतो. त्या दुसऱ्या इंजिनला बंद पडल्यावर लॅपटॉप लावावा लागतो. लॅपटॉपवाला माणूस मुंबईहून यावलला कधी येईल?

भाची: टू-स्ट्रोक पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर टाकतं मामा. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन असलं की हमखास. आणि ते बाहेर म्हणजे हवेत नाही, एक्झॉस्ट पाण्याखाली असतो. हतनूरचं पाणी दीपनगरच्या वीज केंद्राला जातं, वरणगावच्या आयुध निर्माणीला जातं, लोक पितात. त्यात मी ऑइल मिसळलेलं पेट्रोल सोडत फिरू?

मामा: एका बोटीनं काय होतं?

भाची: एका केळीच्या बागेत फवारणीचं पाणी विहिरीत गेलं तर तुम्ही काय म्हणता?

मामा गप्प झाले. बागायतदाराला विहिरीवरून गप्प करणं सोपं असतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

मामा: बरं, पेट्रोलचंच काढलंस तर ऐक. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज फिरते म्हणून चालून जातं. तुझी बोट वर्षात सहा-सात महिने शेडमध्ये. टाकीत पेट्रोल राहिलं की त्यातलं पाणी आणि इथेनॉल खाली बसणार, वर पेट्रोल. इंजिन ओढणार खालचं. आणि जुन्या रबरी नळ्या आतून विरघळणार. हे टू-स्ट्रोकला होईल तसं तुझ्या फोर-स्ट्रोकलाही होईल. इंजेक्टर बुजला तर काय करशील?

हे भाचीला माहीत नव्हतं असं नाही. यामाहा, मर्क्युरीसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच पुस्तिकांत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. पण यावलमध्ये ते प्रत्यक्षात काय करतं हे मामांनी सांगितलं. गेल्या एक-दोन वर्षांत त्यांच्याकडे येणाऱ्या फवारणी पंपांच्या आणि गवत कापायच्या यंत्रांच्या छोट्या इंजिनांवरून ते त्यांना कळलेलं. त्यावर दोघांचं एकमत झालं, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतला हाच सर्वांत कामाचा भाग. पेट्रोल हवं तेवढंच त्या दिवशी भरायचं. टाकी बोटीत बसवलेली नको, सुटी असावी, म्हणजे उचलून रिकामी करता येईल. संध्याकाळी नळी काढून इंजिन तसंच चालू ठेवायचं, आतलं संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. इंजेक्शनचं इंजिन असं पूर्ण कोरडं होत नाही, त्याला हंगाम संपताना इंधन टिकवणारं औषध घालायचं. मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा. जुन्या बोटीच्या नळ्या घेतल्या दिवशीच बदलायच्या, कितीही चांगल्या दिसल्या तरी. आणि पंपवाला सुट्या डब्यात पेट्रोल द्यायला कुरकुर करतो, त्याच्याशी आधी बोलून ठेवायचं. हे शेवटचं मामांकडे सोपवलं.

मामा: साठचं इंजिन पितं किती?

ढोबळ हिशेब असा सांगतात: पेट्रोलचं इंजिन पूर्ण ताकदीवर चाललं तर दर दहा अश्वशक्तीला तासाला पावणेचार लिटरच्या आसपास. चाळीसला पंधरा लिटर, साठला साडेबावीस, आणि पोटातल्या दीडशेच्या इंजिनाला छप्पन. लिटरला शंभराच्या वर भाव धरा. पूर्ण ताकदीवर सलग तासभर कुणी चालवत नाही हे खरं. पण माणूस ओढायच्या खेळात दर चार मिनिटांनी थांबून पुन्हा झटक्यात वेग घ्यावा लागतो, आणि पेट्रोल जातं ते त्या झटक्यात.

भाची: चाळीसचं इंजिन एका माणसाची ट्यूब ओढेल. वेकबोर्डवर हलकी मुलगी उठेल. दोन मोठी माणसं मागे बसली की बोट नाक वर करून नुसतीच ढकलत राहणार, पाण्यावर चढणार नाही. म्हणून साठ.

मामा: आणि ती केळी? समुद्रावर असते ती, लांब पिवळी, सहा जण बसतात.

भाची: बनाना राइड. नाही, ती नको. तिला जास्त ताकद लागते आणि उलटली की सहा डोकी पाण्यात. सहा जणांवर एकदम लक्ष ठेवणं माझ्यानं होणार नाही.

मामा: केळीवर बसायला लोक पैसे देतात हे आपल्या केळीवाल्यांना कुणी सांगितलं नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर मी भाचीच्या बाजूनं. पिण्याच्या पाण्यावर जुनं टू-स्ट्रोक घालणं मला पटत नाही, दुरुस्तीला कितीही सोपं असलं तरी. पण बोट लहान असावी यावर मामाच बरोबर, आणि साठच्या वर जायचं नाही यावर ते अडून बसले ते बरंच झालं. पाण्यावर स्की करण्याची सुरुवात १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर झाली. रॅल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात वाकवली आणि भावाच्या मोटरबोटीमागे उभा राहिला. आधी बरेचदा पडला. पडण्याला महागडी बोट लागत नाही, आणि पहिलं वर्ष पडण्यातच जातं.

तापोळ्याच्या बोटीला आणखी एक गुण होता: ती गोड्या पाण्यातली. मालवणच्या इंजिनात खारं पाणी फिरलेलं. दर वेळी गोड्या पाण्यानं धुतलं असेल तर हरकत नाही, पण धुतलं की नाही हे विकणारा सांगेल ते खरं. मात्र पर्यटकांच्या गावातली बोट म्हणजे भाड्यानं फिरलेली असू शकते, तिचे तास जास्त. मीठ आणि तास, दोन्ही इंजिन खातात.

तपासणी कशी करायची यावर मामांच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक आली. मशीन खरेदीत त्यांना कुणी फसवलेलं नाही, असं ते स्वतःच सांगतात.

मामा: त्याला आधीच सांगायचं, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नको. गेल्यावर पहिला हात इंजिनावर. गरम लागलं तर समजायचं, थंड असताना ते सुरू होत नाही. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आकडा किती यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर उठायचं.

भाची: खालच्या गिअरचं ऑइल. तळाचा स्क्रू सैल करून थोडं काढायचं. दुधासारखं निघालं तर सील गेलं, पाणी आत शिरलं. आणि जस्ताचे तुकडे बघायचे, पंख्याजवळ लावलेले असतात. ते स्वतः झिजून इंजिनाचा धातू वाचवतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. ते पार झिजून गेलेले असतील तर मालकानं लक्ष दिलं नाही. त्यांच्यावर रंग मारलेला असेल तर त्याला ते कशासाठी असतात हेच माहीत नाही.

मामा: हे मला नवीन आहे.

एवढं कबूल करून मामा बोटीच्या अंगाकडे वळले. फायबरची बोट म्हणजे वर काचेचं कापड आणि रेझिन, आणि जुन्या बोटींत मागच्या ज्या फळीवर इंजिन लटकतं तिच्या पोटात बहुतेक वेळा प्लायवूड. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते प्लायवूड आतल्या आत कुजतं, वरून पॉलिश तसंच. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत ओल. मग इंजिन अर्धं वर उचलून खालच्या टोकाला धरून हलवायचं आणि मागची फळी वाकते का ते बघायचं. तळावर उभं राहून पाय दाबायचा. मऊ लागलं तर खाली सडलंय.

मग मामांनी असं सुचवलं की भाची त्यांच्याकडे बघतच राहिली.

मामा: बोट काट्यावर घाल.

भाची: काट्यावर?

मामा: अगं, बोटीत तरंगायला फोम भरलेला असतो ना? त्यात पाणी मुरलं तर वाळवून निघत नाही. वरून दिसत नाही. पण वजनात दिसतं. बनवणाऱ्यानं रिकाम्या बोटीचं वजन सांगितलेलं असतं. ट्रॉलीसकट काट्यावर घाल, मग नुसत्या ट्रॉलीचं घाल, वजाबाकी कर. दोनशे किलो जास्त निघालं तर ते पाणी तू विकत घेतेयस. रावेर-सावद्याला केळीची गाडी आपण काट्याशिवाय सोडतो का?

कुठल्याही पुस्तकात मी हे इतक्या थेटपणे वाचलेलं नाही, आणि केळी पट्ट्यातल्या माणसालाच सुचावं असं ते होतं. काटा प्रत्येक तालुक्यात असतो, पावतीही मिळते.

शेवटी पाण्यातली चाचणी. बोट पाण्यात उतरवून, आत दोन-तीन माणसं घेऊन, पूर्ण वेग देऊन बघायचं. पुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत इंजिन पोचतं का? पोचत नसेल तर एकतर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकलंय. मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. काठावर नळीनं पाणी देऊन चालवून दाखवलेल्या इंजिनाला ओझं नसतं, त्यावरून काही ठरत नाही. भाची म्हणाली, हे ज्याला चालणार नाही त्याची बोट नको. मामांनी मान डोलावली. या घरात एकाच वेळी दोघांनी मान डोलावणं विरळाच.

कागदपत्रांवर मामांना रस नव्हता, ट्रॅक्टरचंही आरसी ते शोधत असतात. भाचीला होता. देशांतर्गत पाण्यातल्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला. आता एका राज्यात केलेली नोंदणी इतर राज्यांतही चालते. तिला याचा फायदा सरळ दिसला: तापी महाराष्ट्रात, इंदिरासागर मध्य प्रदेशात. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे. विकणाऱ्याकडे नोंदणीचं आणि पाहणीचं प्रमाणपत्र असलं पाहिजे, बोटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक त्याच्याशी जुळला पाहिजे, आणि बाहेरून आयात झालेलं इंजिन असेल तर सीमाशुल्काचा कागद पाहिजे. नाहीतर स्वस्त मिळालेली बोट जन्मभर शेडमध्येच.

मामा: एवढा खर्च करतेयस तर रविवारी चार लोकांना फिरव, पैसे निघतील.

भाची: नाही.

मामा: का?

भाची: पैसे घेतले की ती प्रवासी बोट झाली. वेगळी पाहणी, वेगळा विमा, परवानाधारक चालक. आणि तानूर आठवा.

७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला एक पर्यटक बोट उलटली आणि २२ माणसं गेली. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिच्यावर प्रवाशांसाठी वर मजला चढवला होता. जुनी बोट एका कामासाठी बांधलेली, दुसऱ्या कामाला जुंपलेली. पुढच्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट बुडाली, शाळकरी मुलं आणि शिक्षक मिळून चौदा जीव. त्याच वर्षी मे महिन्यात वाऱ्याच्या झोतात उजनीच्या पाण्यात बोट उलटली, सहा मृत्यू. यातलं कुठलंच पाणी समुद्राचं नव्हतं. मामा यानंतर रविवारच्या पैशांबद्दल बोलले नाहीत.

बोटीपेक्षा स्वस्त पण तिच्याहून महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी भाचीनं वहीत लिहिल्या होत्या. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची लाल दोरी, जी सुटली की इंजिन बंद होतं. जुन्या बोटींत ती हटकून हरवलेली असते आणि तिच्या जागी कुणीतरी तारेचा तुकडा अडकवलेला असतो. असा तुकडा दिसला की ती बोट घासाघीस न करता सोडायची, असं तिचं मत. पडलेल्या माणसाजवळ जाताना इंजिन पूर्ण बंद करायचं, नुसतं न्यूट्रल नाही. आणि मागे बघणारा माणूस नसेल तर त्या दिवशी माणूस ओढायची दोरी बांधायचीच नाही.

मामा: तो मागे बघणारा मीच का?

भाची: तुम्हाला पोहता येतं ना?

मामा: तापीत शिकलो. पूल लांब होता तेव्हा डोंग्यातून पलीकडे जायचो.

संध्याकाळी भाचीनं दोन्ही विकणाऱ्यांना एकच निरोप पाठवला: इंजिन थंड ठेवा, कॉम्प्रेशन बघू, बोट काट्यावर घालू, पाण्यात तीन माणसांसह पूर्ण वेगावर चालवू, मग व्यवहार. मालवणच्या बोटवाल्याचं उत्तर लगेच आलं. बाकी सगळं चालेल, पाण्यात चालवायचं असेल तर आधी टोकन द्यावं लागेल. मामा चष्मा वर करून वाचत म्हणाले, "याला नाही म्हणून टाक." तापोळ्याकडच्यानं कळवलं, काटा जवळ कुठं आहे ते तुम्हीच शोधून ठेवा, बोट मी ट्रॉलीवर चढवून देतो. भाची नकाशावर मेढा आणि सातारा बघत बसली. मामा आत जाऊन कॉम्प्रेशन गेज शोधायला लागले, आणि हतनूरवर अजूनही त्यांची ना आहे हे तिथूनच ओरडून सांगत राहिले.